सुंभाने बांधलेली वेल

एकदा एका आगरात मिऱ्याच्या वेली वाढवणारे एक वृद्ध जाणकार राहत असत. सारे त्यांना तात्या म्हणत. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांसाठी एकच दंडक होता. प्रत्येकाने फणसाच्या बुंध्याशी एक वेल लावायची. ती दोरीच्या एकाही गाठीविना पुरुषभर उंच उभी राहिली, की तात्या त्याला स्वतःची ओळ लावायला जागा देत. तोवर नुसते खत-पाणी.

शेवंती नावाची शिष्या तिथे तीन वर्षे राबत होती. माहेरी-सासरी तिला कुठेच जमिनीचा तुकडा नव्हता. ती ओळ म्हणजे तिचे पुढचे सारे आयुष्य होते.

परीक्षा दोन महिन्यांवर आली आणि वादळात फणसाची फांदी कोसळली. वेल सालीवरून सोलून निघाली, शेंडाही मोडला. पण शेवंती हातपाय गाळणारी बाई नव्हे. तिने वेल उचलून बुंध्याला टेकवली आणि काथ्याच्या सुंभाने वीत-वीत अंतरावर बांधून काढली. परीक्षेआधी ती पुन्हा बुंधा धरेल आणि गाठी सोडता येतील, अशी तिची आशा होती. पाने हिरवी राहिली. येणारेजाणारे म्हणू लागले, सावरली हो वेल! लोकांना काय, पाने दिसली की पुरे.

ठरल्या दिवशी तात्या आले आणि एकेक गाठ सोडू लागले. शेवटची गाठ सुटली, तशी सगळी वेल शेवंतीच्या पायाशी येऊन पडली. तिला रडू आवरेना. तुमचे काळीज दगडाचे आहे, असे ती तात्यांना बोलूनही गेली.

तात्या रागावले नाहीत. त्यांनी वेलीचे एक पेर तिच्या तळहातावर ठेवले.

“बाये, ही पेरावरची मुळं बघ, सुकून काडी झालीत. कोवळी असतात तेव्हाच ती सालीच्या भेगेत शिरतात आणि घट्ट धरतात. एकदा उपटली की पुन्हा धरत नाहीत, वर्षभर बांधलीस तरी. धरायचं काम नव्या पेराचं. त्याला चार दिवस गाठ मारलीस तर माझी ना नाही. पण तू गेलेली उंची बांधून ठेवलीस, आणि वेलीचा सगळा जोर तीच जगवण्यात गेला.”

शेवंतीने कमरेची कोयती काढली आणि जमिनीपासून हातभर ठेवून वेल स्वतःच्या हाताने छाटली.

ते पाहून तात्यांचाच जीव कळवळला. दंडक राहू दे, तू उद्याच ओळ लाव, असे ते म्हणाले.

“नको तात्या,” शेवंती म्हणाली. “आधी ही चढू दे. मग मी मागेन.”

आपणही गेलेली उंची बांधून ठेवण्यात किती वर्षे घालवतो, हे ज्याचे त्याने पाहावे. शेवंतीला आणखी तीन पावसाळे लागले. वेल तिच्या डोक्यावर गेली, तेव्हा बुंध्यावर एकही गाठ नव्हती. त्या दिवशी तिने ओळ मागितली.