पटाशीची उमेदवारी

सांगून सांगून जीभ झिजली, तरी पुन्हा सांगायला लावता. ऐका तर. फार पूर्वी एका सुताराच्या पेटीत नवी पटाशी आली. तिला घडीभर स्वस्थता नव्हती.

"मला काम कधी?"

म्हातारा रंधा म्हणाला, "आधी उमेदवारी कर, बाई. मऊ लाकडावर शीक."

पटाशीला उमेदवारी म्हणजे निवडणूकच ठाऊक. ती पेटीभर मतं मागत फिरली, निवडून आली आणि थेट सागाच्या गाठीवर चढली. धारेचा तुकडा उडाला. आता भंगारात जाणार म्हणून ती रंध्याकडे धावली.

"रंधेबुवा, चुकलं माझं."

"दगडावर धार लावून घे. मऊ लाकूड तिथंच आहे."

पटाशीनं निदान चूक तरी कबूल केली. माझ्या हाताखालची उमेदवारी अर्धी टाकून जो निवडणुकीला उभा राहिला, त्यानं अजून माफी मागितलेली नाही. तो भिकाजी मेस्त्री.