महासूर्याची सावली

चिंचखेड्याचा सौरपंप सुरू करायला नामदार रणधीरराव आले. कार्यकर्त्यांनी पॅनेलांना खेटून त्यांचा तीस फुटी फ्लेक्स उभारला होता: ‘सौरक्रांतीचे महासूर्य’. नामदारांनी थाटात बटण दाबलं, पण नळाला थेंब नाही. घागरी घेतलेल्या बायका हसू लागल्या.

पाणी सोडणाऱ्या द्वारकाबाईंवर नामदार कडाडले, “काल चालणारा पंप आज बिघडवलात? कामावरून काढून टाकीन!”

पदर खोचत द्वारकाबाई म्हणाल्या, “पंप धड आहे, साहेब. सूर्यही वेळेवर आलाय. पण बिचारा तुमच्या फ्लेक्समागं उभा आहे. तुमच्यापुढं यायचं धाडस होईना त्याला.”

फ्लेक्स उतरला, पॅनेलांवरची सावली हटली आणि धो धो पाणी आलं. नामदारांना मात्र भर उन्हात बोलावं लागलं, त्यामुळे भाषणही दोन मिनिटांत आटोपलं.