सरावाचा ढग

त्या राज्यात आता कोणी आवाज घरात ठेवत नसे. पूर्वी ठेवत. आजोबांचे खाकरणे, लग्नातल्या ओव्या, हद्दीच्या भांडणातल्या साक्षी, गेलेल्यांच्या हाका, सगळे मडक्यांत भरून, तोंडाला फडके बांधून कोनाड्यात ठेवलेले असे. ऐकावेसे वाटले की फडके सोडायचे आणि कान लावायचा. पुढे डोंगरमाथ्यावरच्या गरुडांनी ढग पाळले आणि आवाज तिकडे ठेवायची सोय केली. मडके फुटते, ढग फुटत नाही, असे त्यांनी जाहीर केले. राज्यात तोवर ढगफुटी झालेली नव्हती, त्यामुळे ते सर्वांना पटले. मडकी घडवणाऱ्या कुंभारमाश्या दुसऱ्या राज्यात निघून गेल्या. त्यांना निरोप द्यायला कोणी गेले नाही.

गुहेतले सरकारी आवाजघरही बंद झाले. तिथे एक सायाळ चाळीस वर्षे मडकी सांभाळत होती. कोणते मडके कोणत्या फळीवर आहे, हे तिला डोळे मिटून सांगता येई आणि वहीतली एकही नोंद तिने कधी खोटी केली नव्हती. निरोपाच्या दिवशी तिला नारळ मिळाला आणि प्रामाणिकपणाबद्दल चार शब्द मिळाले. नारळ कुजका निघाला. शब्द फोडून पाहण्याची सोय नव्हती.

सायाळबाईंच्या बिळात एकच मडके होते. त्यात त्यांच्या लेकीचा, बकुळचा आवाज होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी बकुळ तापाने गेली, तेव्हापासून त्या मडक्याच्या बुडाला केसाएवढी चीर पडलेली होती आणि आवाज झिरपत होता. पहिल्या वर्षी तो दारातून ऐकू येई. आता मडक्यात तोंड खुपसले तरच काही कळे. सायाळबाईंनी मेण लावून पाहिले, चिखल लिंपून पाहिला. आवाज टिकतो तो भाजलेल्या मातीत किंवा ढगात. नवे मडके घडवणारे उरले नव्हते आणि कायमचा ढग मिळे तो मोठ्यांना, नाहीतर ढगराख्यांना; बाकीच्यांना भाडे भरावे लागे आणि ते सायाळबाईंच्या आवाक्यात नव्हते. ढग राखणाऱ्या प्रत्येक नोकराला एक ढग स्वतःचा मिळतो, असा तिथला नियम होता.

म्हणून उतारवयात सायाळबाईंनी ढगांची विद्या शिकायचे ठरवले.

डोंगराच्या पायथ्याशी पोपटांचे वर्ग ओळीने लागलेले होते. ‘चाळीस दिवसांत ढगराखे व्हा’ अशी पाटी सर्वांवर होती. एका पाटीवर तीस दिवस होते, तिथे गर्दी जास्त होती. सायाळबाई चाळीसवाल्यांत बसल्या.

“ढगांचे प्रकार दोनशे सात,” पोपटगुरुजी म्हणाले. “म्हणा माझ्यामागून.”

“गुरुजी, यातला एखादा बघायला मिळेल का?”

“बाई, शंका शेवटच्या दिवशी.”

शेवटच्या दिवशी गुरुजींनी प्रत्येकाला एक हिरवे पीस दिले. त्या समारंभात शंकांना वेळ उरला नाही. सायाळबाईंना दोनशे सात नावे पाठ झाली होती आणि ढग अजून तितकाच उंच होता. बाहेर एक घुबड भेटले. त्याच्याकडे अशी अकरा पिसे होती. बारावे घेतले की नोकरी नक्की, असे त्याने सांगितले. दहावे घेताना त्याला असेच वाटले होते.

ओढ्याकाठी कासवतात्या राहत. पहिले आवाज डोंगरावर वाहून नेणाऱ्यांत ते होते. ते फुकट शिकवत, त्यामुळे त्यांच्याकडे कोणी जात नसे.

“वर काय बघतेस?” तात्या म्हणाले. “आधी खाली बघ.”

त्यांनी सायाळबाईंना वाळूत चर काढायला लावले. आवाज कोणत्या वाटेने जातो, कुठे अडतो, दोन आवाज एका चरात आले तर काय होते, हे सायाळबाईंनी महिनाभर पाण्याने करून पाहिले. मग कुलुपे आली. ऐकायचा हक्क कोणाला, उघडायचा कोणाला आणि नुसता वाहून न्यायचा कोणाला.

“सगळ्यांना किल्ली वाटलीस,” तात्या म्हणत, “तर कुलूप शोभेला लावलंस काय?”

मग मोडतोड झाली तर काय करायचे, ते तात्यांनी शिकवले. एक आवाज दोन ठिकाणी ठेवावा, म्हणजे एक जागा बुडाली तरी दुसरी राहते. हे त्यांनी सायाळबाईंकडून इतक्या वेळा म्हणून घेतले की ओढ्यातल्या माशांनाही ते पाठ झाले.

“आता गरुडांच्या तीन डोंगरांपैकी एकच धर. तीन डोंगरांवर एकेक पाय ठेवून कोणी वर जात नाही. तुला चार पाय आहेत, तरीही नाही. आणि सरावाचा ढग माग. चार महिने मिळतो. त्यात काहीतरी ठेव, काढ, बिघडव, दुरुस्त कर. हात घातल्याशिवाय ढग येत नाही.”

“काय ठेवू?”

“काहीही. बेडकाचं डराव ठेव.”

“माझ्याकडे एकच आवाज आहे, तात्या.”

“त्याच्यावर सराव नको,” ते म्हणाले.

“गळतोय तो. चार महिन्यांत मी नोकरीला लागले, तर त्याला कायमच्या ढगात नेईन. नाही लागले, तर परत मडक्यात. पण इथं थांबले, तर दिवाळीपर्यंत नुसतं मडकंच उरेल.”

“मग मडकं जपून ठेव,” तात्या म्हणाले. “काही झालं तरी.”

सरावाचे ढग देणाऱ्या खिडकीत बगळा एका पायावर उभा असे. त्याने सायाळबाईंचा अर्ज घेतला, आकडा दिला आणि त्या आकड्याचा ढग खाली सोडला. सायाळबाईंनी मडक्यातला उरलासुरला आवाज त्यात ओतला. ढगाला चीर नव्हती. एवढासा आवाजही त्यात स्वच्छ घुमला आणि वर्षानंतर प्रथमच बकुळ अंगणातून हाक मारते तशी ऐकू आली. सायाळबाई खाली बसल्या. मागच्या रांगेने त्यांना जरा बाजूला बसायला सांगितले.

“सात दिवसांत मूळ मडक्याचं खापर जमा करा,” बगळा म्हणाला. “नाहीतर ढग रद्द.”

गरुडांची ती जुनी प्रथा होती. ज्याच्या घरी मडके आहे त्याचा ढगावर विश्वास नाही, असे ते मानत.

तात्यांनी हे ऐकून शेपूट आपटले. “उकिरड्यावर ढीग पडलाय. त्यातलं एक उचल आणि दे.”

“नियमात ‘मूळ मडक्याचं’ असं आहे.”

“असू दे की गं!”

“चाळीस वर्षांत मी खोटी नोंद केली नाही, तात्या. आता बकुळच्या नावावर करू?”

तात्यांनी मान आत घेतली. सायाळबाईंनी घरी जाऊन उंबऱ्यावर मडके फोडले, तळाचा चिरेचा तुकडा निवडला, पुसला आणि पानात गुंडाळून नेला. बगळ्याने न पाहता तो मागच्या ढिगावर टाकला.

पुढचे चार महिने सायाळबाई त्या ढगाशी झटल्या. त्याचे तोंड बांधायला शिकल्या, वाऱ्यावर धरून ठेवायला शिकल्या. एकदा तो उलटा झाला आणि दोन दिवस त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही, पण तिसऱ्या दिवशी त्यांनीच तो सुलटा केला. ढगराख्यांच्या परीक्षेत प्रश्न आला, ‘एक आवाज किती ठिकाणी ठेवावा?’ सायाळबाईंनी ‘दोन’ असे लिहिले. पूर्ण गुण मिळाले. त्या पहिल्या आल्या. मुदत संपायला एक दिवस उरला असताना नेमणुकीचा हुकूम हाती पडला.

हुकुमाचे सातवे कलम असे होते: कायमचा ढग एक वर्षाच्या उमेदवारीनंतर देय राहील.

सायाळबाई खिडकीकडे धावल्या.

“माझ्या ढगाची मुदत वाढवा, बगळेसाहेब.”

“वाढवतो ना. पण ती शिकणाऱ्यांची. तुम्ही आता नोकर झालात.”

“मग नोकरी नको मला.”

“राजीनामा महिनाभर आधी द्यावा लागतो.”

“मग आवाज आजच खाली उतरवून नेते.”

“कशात?”

सायाळबाईंनी त्याच्या मागच्या ढिगाकडे पाहिले. बगळ्याने प्रथमच दुसरा पाय खाली टेकवला.

“मावशी,” तो हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही खरंच मूळ मडकं फोडलंत?”

“नियम तुमचाच ना?”

“अहो, इथं आलेलं एकूणएक खापर उकिरड्यावरचं आहे. आम्ही ढीग पुन्हा उकिरड्यावर टाकतो आणि लोक तेच पुन्हा आणतात. आजवर कोणी विचारलंसुद्धा नाही.”

तो सगळा दिवस सायाळबाई दारोदार हिंडल्या. मडकी पुष्कळांकडे होती. बुडाला भोक पाडून सर्वांनी त्यांत तुळस लावलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कामावर रुजू झाल्या. नव्या उमेदवारांना पहिले काम एकच असते, मुदत संपलेले सरावाचे ढग उघडून मोकळे करायचे. इतरांना त्यासाठी आकडी दिली होती. सायाळबाईंना पाठीवरचा एक काटा पुरला. देखरेखीला घार होती. ती आकडा वाचे, उमेदवार ढग उघडत, आत जे असेल ते सांडून जाई. बहुतेकांत बेडकांचे डराव होते. सायाळबाईंनी अकरा ढग उघडले. एकही चुकला नाही.

घारीने बारावा आकडा वाचला.

“बाई, ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“अडचण आहे काही?”

“नाही.”

ढग मधोमध टोचायचा नसतो, कडेला पातळ असतो तिथे टोचायचा. सायाळबाईंनी तसेच केले आणि काटा टाकून दोन्ही पंजे खाली जोडून धरले. बकुळचा आवाज त्यांत उतरला. नखांच्या फटींतून तो खडकावर ओघळला आणि पायरीपायरीने आईला हाक मारत उतारावरून खाली गेला. मग ऐकू येईनासा झाला.

“काम चोख आहे तुमचं,” घार म्हणाली आणि पुढचा आकडा वाचला.

सायाळबाईंनी एका पंजाने काटा उचलून तो ढग उघडला. दुसरा पंजा वाटीसारखा वळलेलाच होता.