एका मापाचा अंगरखा

भुजंगराव महाराजांच्या ताटात लोणी पडायचं ते पातळ होऊन. डोंगरठाण्यावरून टपालाबरोबर रोज लोण्याचा गोळा निघे आणि वाड्यात पोचेपर्यंत त्याचं पाणी होई. नदीठाण्याहून येणारं दही मात्र वेळेवर हजर. महाराजांनी तावातावाने नकाशा मागवला आणि त्यावर वीत टेकवली. नदीठाणं एक वीत, डोंगरठाणंही एकच वीत.

"वाटा सारख्या," महाराज म्हणाले. "मग नदीचा जासूद सकाळी पोचतो आणि डोंगराचा दुपार करतो, ते का? झाडाखाली झोपत असणार."

डोंगरवाटेवर टपाल घेऊन पळणारा जासूद परशा हात जोडून पुढे आला. "महाराज, नदीची वाट सपाट हाय. आमच्या वाटंला तीन खिंडी. चढताना छाती फुटती, उतरताना गुडघं बोलत्यात."

"नकाशात कुठे आहे खिंड?"

नकाशात खिंड नव्हती. तो काढणारे कारकून कधी जिनासुद्धा चढले नव्हते, त्यांना खिंड कुठून दिसणार!

"सपाटी असो की चढ, माप एकच," महाराजांनी हुकूम सोडला. "दसऱ्यापर्यंत नदीच्या जासुदाइतक्या वेळात पोचून दाखव. नाहीतर टपालाची घुंगुरकाठी जमा कर आणि पंचवीस फटके खाऊन घरी जा."

परशा जीव खाऊन पळू लागला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या खिंडीत त्याचा पाय मुरगळला. लंगडत घरी आला तेव्हा घोटा टम्म सुजला होता आणि दसरा आठ दिवसांवर होता. खरं तर घर शिंप्याचं. पण परशाला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा, म्हणून तो टपालात शिरलेला. सुई चालवायची त्याची थोरली बहीण यमुना. वाड्यातले सगळे कपडे तीच शिवायची. भावाचा घोटा बघून तिचं डोकं फिरलं.

"तू पाय शेकत बस," ती म्हणाली. "ह्ये पळून सुटायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती दसऱ्याच्या दरबारी अंगरख्याचं माप घ्यायला वाड्यात गेली. आता महाराजांचं पोट म्हणजे दरवाजातून महाराजांच्या आधी येणारी वस्तू. पण वाड्यात 'पोट' हा शब्द काढायची कोणाची छाती नव्हती. हुजरे त्याला 'महाराजांचं तेज' म्हणत आणि ते दरसाल वाढे.

यमुनेने मानेपासून कमरेपर्यंत पाठीचं माप घेतलं, दोऱ्याला गाठ मारली आणि अगदी भोळेपणाने विचारलं, "महाराज, पुढचं माप येगळं घेऊ का?"

महाराजांच्या कपाळाला आठी पडली. "वेगळं कशाला? आम्ही काय मागून एक आणि पुढून एक आहोत?"

"न्हाई महाराज. सपाटी काय न् चढ काय, माप एकच. आपलाच हुकूम हाय." आणि ती दोरा गुंडाळून निघाली.

दसऱ्याला दरबार भरला. आत महाराजांनी अंगरखा चढवला. पाठीवर असा बसला की बघत राहावं. पुढून मात्र तो बेंबीच्या वरच थांबला. दोन हुजऱ्यांनी घाम गाळून ओढला, तरी खाली येईना. महाराज तणतणत तसेच दरबारात आले. सरदार मंडळी एकदम छताकडे बघू लागली.

"शिंपिणीला पुढे आणा," महाराज गरजले. "हा अंगरखा आहे की झबलं? मागून झाकतो, पुढून उघडं टाकतो!"

"मोजून घ्यावा महाराज," यमुना म्हणाली. "मान ते कंबर, जेवढा मागं तेवढाच पुढं."

कारभाऱ्यांनी मोजला. एका बोटाचाही फरक नव्हता.

"मग पुरत कसा नाही?"

"मागनं सपाटी हाय, महाराज. पुढनं घाट लागतो."

एका म्हाताऱ्या सरदाराला खोकल्याची उबळ आली आणि तो ती उपरण्यात कोंबू लागला.

महाराज लालबुंद झाले. "अगं मूर्ख बाई, चढावर कापड जास्त लागतं, हे शिंप्याच्या पोरीला आम्ही शिकवायचं?"

"मला ठावं हाय, महाराज," यमुना शांतपणे म्हणाली. "परशालाबी ठावं हाय. नकाशाला तेवढं कुनी सांगितलं न्हाई. आन् ह्ये तर नुस्तं कापड. चढताना त्याला धाप तरी लागत न्हाई."

महाराजांनी मान वाकवून स्वतःच्या घाटाकडे पाहिलं. आधी घाट हलला, मग खांदे हलले आणि महाराज असे खदखदून हसले की अंगरख्याची पाठीवरची शिवणही टरकन उसवली. आता सरदारांनाही हसायला मोकळीक मिळाली.

फटके रद्द झाले. डोंगरवाटेला दुप्पट वेळ मिळाला, मधल्या खिंडीत दमलेल्या जासुदाचं ओझं घ्यायला दुसरा गडी नेमला गेला आणि यमुनेला रेशमाचा अख्खा तागा मिळाला. नवा अंगरखा शिवायचाच होता. ती दोरा घेऊन पाठीकडे वळली, तसे महाराज गर्रकन तिच्याकडे फिरले.

"यमुने," ते म्हणाले, "आधी घाट मोज."