केरबा मिस्त्री आणि उलट्या वळणाची मॉरिस

एका तालुक्याच्या गावात केरबा नावाचा एक मिस्त्री होता. गाड्यांत गाणी बसवणं हा त्याचा धंदा. दुकानावर तशी पाटीच होती: 'येथे गाडीत गाणी बसवून मिळतील.' जीपगाड्यांत कॅसेटचे टेप बसवण्यापासून त्याने सुरुवात केली होती. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, सीडीही गेल्या. केरबा मात्र जागचा हलला नाही आणि शिकायचाही थांबला नाही. आता काचेवर बोट टेकवलं की गाणं लागणारी मशीनं आली होती. तीही तो डोळे झाकून बसवी.

'काळी वायर पत्र्याला, लाल वायर करंटला' हा त्याचा मंत्र. तो पुटपुटत पुटपुटत हात चालवायचा. "माझ्या हातून आजवर एक मशीन जळालेलं न्हाई," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. ते खरंही होतं. खऱ्या गोष्टीचाही माणसाला गर्व होतो, एवढीच काय ती अडचण.

एके दिवशी सकाळी त्याच्या दुकानापुढे डॉक्टरीणबाईंची मॉरिस मोटार येऊन थांबली. डॉक्टरीणबाई म्हणजे गुरांच्या डॉक्टरांच्या पत्नी, अनसूयाबाई. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पण स्टिअरिंगवरचा हात अजून ठाम. गाडी मुगाच्या डाळीच्या रंगाची, वळताना बाजूने इशाऱ्याची छोटी दांडी बाहेर काढणारी. तालुक्यात मोजून चार मोटारी होत्या, तेव्हापासूनची ती. तिचा भोंगा वेशीवर वाजला, की अडलेल्या गाईम्हशींच्या घरी बायका चुलीवर पाणी तापत ठेवायच्या. डॉक्टर पोचले, आता सगळं नीट होईल, असा तेव्हा लोकांचा विश्वास होता. तसे विश्वास आता कुठे राहिले?

डॉक्टर जाऊन दोन वर्षं झाली होती.

"केरबा, या गाडीत रेडिओ कधी नव्हताच," बाई म्हणाल्या. "हे गायचे. जाताना गायचे, येताना गायचे. सूर कधी लागला नाही, पण गाडी भरलेली असायची. आता ती इतकी गप्प असते, की मला चालवावीशी वाटत नाही. तिच्यात काहीतरी वाजतं कर."

भाच्याने त्यांना एक नवं मशीन आणून दिलं होतं. ते त्यांनी ओटीत घ्यावं तसं दोन्ही हातांनी धरलं होतं.

केरबाने मशीन हातात घेतलं. डॅशबोर्डाच्या खणात ते बरोबर बसत होतं. पत्रा कापायचीही गरज नव्हती.

बाई म्हणाल्या, "एक सांगू का? हे कुणाला बॅटरीला हात लावू द्यायचे नाहीत. हिचं वळण उलटं आहे, म्हणायचे. मला त्यातलं काही कळत नाही, पण तू एकदा बघून घे."

"बाई, बावीस वर्षं हेच करतोय. तुम्ही बाकड्यावर निवांत बसा."

त्याने तपासणीचा दिवा वायरीला लावला. दिवा पेटला. झालं. मंत्र म्हणत त्याने काळी पत्र्याला जोडली, लाल करंटला जोडली आणि ऐटीत बटण दाबलं. मशीन क्षणभर 'चर्र' झालं, खणातून पांढरा धूर निघाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला.

केरबाने झटकन वायर उपटली आणि बॉनेट उघडलं. एका नजरेत त्याला सगळं कळलं. आताच्या साऱ्या गाड्यांत बॅटरीची वजा बाजू पत्र्याला जोडलेली असते. या जुन्या गाडीत अधिक बाजू पत्र्याला होती. गाडी घडली तेव्हा तशीच रीत होती. तपासणीचा दिवा काय, वायर उलटी असो वा सुलटी, तो पेटतोच. बॅटरीवरची खूण बघायला हवी होती, आणि ती बघायला बाईंनी सांगितलंही होतं.

तेवढ्यात शेजारचा पंक्चरवाला आला, समोरचा शिंपी आला. "केरबा, काय झालं रं? जळलं?"

केरबाला आपलं बावीस वर्षांचं नाव आठवलं. त्याने बॉनेट धाडकन मिटलं आणि म्हणाला, "गाडीच म्हातारी झालीया. जुन्याला नवं सोसत न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. असल्या बोलण्याला माणसं फार लवकर मान डोलावतात. बाईंनी जळलेलं मशीन पदराखाली घेतलं. जाताना त्यांनी गाडीच्या दारावरून एकदा हात फिरवला, आणि केरबाला ते दिसलं.

दोन दिवसांनी शिंप्याने बातमी आणली. डॉक्टरीणबाई गाडी भंगारात देणार. गुरुवारी सकाळी टेम्पो येणार. बाई म्हणे शेजारणीला म्हणाल्या, "गाडीचं सरलं, तसं माझंही सरलंच म्हणायचं. तिला नवं सोसत नाही, मग मला तरी काय सोसणार? आता मीही घरात बसावं हे बरं."

केरबाचं कामात लक्ष लागेना. तो लहान असताना घरची म्हैस अडली होती, तेव्हा हीच मॉरिस भर उन्हात ढेकळांतून त्यांच्या गोठ्यापर्यंत आली होती. डॉक्टर बेसूर गात उतरले होते आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून आधी तिच्याशी बोलले होते. म्हैस वाचली, पारडीही वाचली. त्या म्हशीच्या दुधावर केरबाची भावंडं मोठी झाली. ती गाडी आता कापायला जाणार होती, ती लोखंड थकलं म्हणून नव्हे, तर केरबाला एक वाक्य बोलवत नव्हतं म्हणून.

गप्प राहिलं तर कुणालाही कळणार नव्हतं. खरी गोष्ट फक्त त्याला आणि गाडीला ठाऊक होती, आणि गाडी काही बोलणार नव्हती.

गुरुवारी सकाळी केरबा बाईंच्या दारात पोचला, तेव्हा टेम्पो आधीच उभा होता. भंगारवाला गाडीला साखळी अडकवत होता. शेजारपाजारची चार माणसं जमली होती. बाई ओल्या फडक्याने गाडीची काच पुसत होत्या. कापायला जाणारी गाडीसुद्धा त्यांना मळकट पाठवायची नव्हती.

केरबा साखळीपुढे आडवा उभा राहिला. "थांबा. डॉक्टरीणबाई, गाडीला काय झालेलं न्हाई. मी चुकलोय."

"म्हणजे?" बाईंचा हात थांबला.

"हिच्या बॅटरीची अधिक बाजू पत्र्याला हाय. तुम्ही बघायला सांगितलंत, मी बघितलं न्हाई. उलट्या वायरी मी जोडल्या. मशीन मी जाळलं. आन वर चारचौघांत दोष दिला तो हिच्या वयाला."

मग गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "वा रे मिस्त्री! एक मशीन जळालं न्हाई म्हणत होतास न्हवं?"

केरबाची मान खाली गेली. बावीस वर्षांत अशी गेली नव्हती. पण छातीवरचा धोंडा मात्र उतरला होता.

बाई त्याच्यापाशी आल्या. "मग हिला सोसतंय सगळं?"

"हिला सगळं सोसतंय, बाई. मलाच खरं सोसलं न्हाई."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. रागाने बघत होत्या की मायेने, ते सांगणं कठीण आहे. बहुधा दोन्ही असावं. मग त्यांनी डोळे पुसले आणि भंगारवाल्याला म्हणाल्या, "साखळी काढा हो. खेप पडली तुम्हाला, चहा घेऊन जा."

भंगारवाल्याने साखळी काढली. जाता जाता तो केरबाला म्हणाला, "मिस्त्री, माझ्या टेम्पोतही एक मशीन बसवून दे."

केरबाला वाटलं, हा टोमणा मारतोय. "मशीन जाळणाऱ्याकडनं?"

"चुकत सगळेच," भंगारवाला म्हणाला. "आपली चूक गाडीवर न ढकलणारा मिस्त्री मात्र मी आज पहिल्यांदा बघितला."

केरबाने स्वतःच्या दुकानातलं नवं मशीन आणलं. या खेपेला गाडीचं वळण बदलायला तो गेला नाही. मशीन लाकडी फळीवर ठेवून त्याने त्याच्याभोवती रबर गुंडाळलं, म्हणजे ते पत्र्याला कुठेच टेकणार नाही. मशीनपुरती एक छोटी बॅटरी डिकीत वेगळी बसवली. हे करताना कुठला मंत्र म्हटला नाही. दर वायरीला बाईंना जवळ बोलावून विचारत होता, "डॉक्टर इथं काय करायचे?" बाईंना जे आठवायचं, ते त्या सांगायच्या. कामाचं त्यातलं थोडंच होतं, पण केरबाने ऐकलं सगळं.

सगळं झाल्यावर बाई स्टिअरिंगपाशी बसल्या. केरबाला त्यांनी शेजारी बसवलं. गाडी बाजाररस्त्याने निघाली आणि मशीनवर जुनी गाणी लागली. ओट्यावरच्या म्हाताऱ्या माणसांनी हातातली कामं थांबवून बघितलं. कुणाला आपली म्हैस आठवली असेल, कुणाला आपलं तरुणपण. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसतही होत्या.

थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "केरबा, आवाज जरा कमी कर. गाडी काय म्हणते तेही ऐकू दे."

केरबाने आवाज कमी केला, आणि दोघं ऐकत राहिली.

तात्पर्य: आपल्या चुकीचं खापर दुसऱ्याच्या म्हातारपणावर फोडू नये; आणि जुन्याला हात लावण्याआधी त्याची रीत विचारावी.