कासवावरचा हात

"आणि माझा अनुग्रह, माई? तो कधी?"

रेणूमाई परडीतली फुलं निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी तुझा फोटो तर लागू दे."

"लागलाच समजा. असा फोटो अख्ख्या जिल्ह्यात कुणी केलेला नाही."

"हो का? मग जिल्ह्याला कळवलंस की नाही?"

सुहास तांबट हसला. पण त्याचा जीव त्या एका प्रश्नातच अडकला होता. माईंनी कानात मंत्र द्यावा म्हणून तीन वर्षं तो डोंगरावरच्या या देवळात हेलपाटे घालत होता. दर वेळी उत्तर एकच... अजून नाही.

या खेपेला मात्र माईंनी आपणहून काम सांगितलं होतं. गाभाऱ्याचं दार बुटकं. आत तीनच माणसं मावायची. नवरात्रात म्हाताऱ्या बायका कळसाला हात जोडून तशाच परत जायच्या.

"त्यांना बाहेरच्या बाहेर आई भेटेल असं काही कर," एवढंच माई बोलल्या होत्या.

सुहासचा शहरात फोटोंचा धंदा. त्यानं एका लोखंडी पट्टीवर बारा कॅमेरे ओळीनं बसवले आणि एकाच खटक्यात बाराही बाजूंनी देवी टिपली; एकदा हिरव्या साडीत, एकदा लाल शालूत. मग त्या फोटोंच्या केसाएवढ्या बारीक उभ्या पट्ट्या करून एकमेकींत गुंफल्या, छापल्या, आणि वरून उभ्या रेघारेघांचा भिंगाचा पारदर्शक पत्रा चिकटवला. चार महिने लागले.

"माई, डावीकडून बघाल तर हिरव्या साडीतली देवी. उजवीकडून लाल शालूतली. आणि बरोबर मधून..."

"मधून काय?"

"मधून तिचा आशीर्वादाचा हात चित्राबाहेर येतो! चांगला हातभर. तुम्ही धरायला जाल."

"मी कशाला धरू? तिचा हात आहे. कुठे ठेवायचा ते ती बघेल."

घट बसले त्या सकाळी फोटो गाभाऱ्याच्या दाराच्या वर, भिंतीवर चढला. रीतीप्रमाणे बायका डावीकडून आल्या, पुरुष उजवीकडून.

"अगं बाई, हिरवी साडी!" ठकूबाई थबकल्या. "माझ्या ओटीतली गं ही!"

"लाल आहे की ढळढळीत," पलीकडच्या रांगेतून त्यांचे यजमान म्हणाले.

"तुम्हाला लग्नात तरी कुठे माझ्या शालूचा रंग कळला होता!"

दोन्ही रांगा हसल्या. हसत हसत पुढे सरकल्या.

हात कुणालाच दिसला नाही.

सुहास पुढे धावला. "असं कडेकडेनं जाऊ नका हो! आजी, तुम्ही या. इथे मधे उभ्या राहा, अगदी इथे."

ठकूबाईंनी त्याच्या बोटाखाली पाहिलं. फरशीत दगडी कासव होतं.

"कासवावर पाय देऊ? शुद्धीवर आहेस ना रे बाबा?"

सुहासनं मागे पाहिलं. कासवाला लागूनच होमकुंड. पुढे पाहिलं. गाभाऱ्याचा उंबरा. मधे उभं राहायला दुसरी जागाच नव्हती.

माणसं येत होती. कासवाशी गुडघे टेकत होती, वाकून त्याच्यावर कपाळ ठेवत होती, उठून कडेला सरत होती, आणि मग वर बघत होती.

मधे येणारा वर बघत नव्हता. वर बघणारा मधे नव्हता.

"माई, चुकलं माझं." सुहासचा चेहरा उतरला. "घरी भिंतीवर लावून, समोर खुर्ची ठेवून मापं घेतली मी. हे कासव ध्यानातच आलं नाही."

"तीन वर्षं येतोयस ना?"

"हो."

"मग?"

"मी... मी उभ्यानंच हात जोडतो, माई. कडेनं."

माई पुन्हा परडीतली फुलं निवडू लागल्या.

"फोटो उतरवतो. नवा करतो. नाहीतर हाच जरा तिरका लावू?"

"राहू दे. बायका खूश आहेत."

"पण तो हात? एवढा केला तो, आणि दिसणार कुणाला?"

माईंनी बोट दाखवलं. खाली.

"तूच बघ जाऊन."

"कासवावर उभा राहू?"

"उभं राहायला कुणी सांगितलं तुला?"

सुहासनं खिशातली मापाची पट्टी काढून कट्ट्यावर ठेवली. गुडघे टेकले. दोन्ही हात टेकले. कपाळ दगडाला लागलं.

दगड गार होता. हजारो कपाळांनी गुळगुळीत झालेला.

रांग थांबली. मागून कुणीतरी "आटपा हो" म्हणालं. ठकूबाईंनी नुसतं वळून पाहिलं, तो गप्प झाला.

सुहास उठला नाही.

बऱ्याच वेळानं खालूनच आवाज आला. ओला.

"माई..."

"बोल."

"इथून काहीच दिसत नाही."

माई परडी बाजूला ठेवून हळूहळू त्याच्याजवळ खाली बसल्या.

"मग कान इकडे कर."