गुळाला सोकावलेलं सांबर

तुमच्या आजोबांचे आजोबा रांगत होते, तेव्हाची गोष्ट. गणोजी शिकाऱ्याची एक रीत होती. बार काढण्याआधी त्याचा कुत्रा खैऱ्या भुंकायचा, म्हणजे जनावराला पळायची संधी मिळायची.

पुढे शहरातले शेठ पैसे देऊन शिकारीला येऊ लागले. ज्यांना ताटातला लाडू धड फुटत नाही, त्यांना पळतं जनावर कुठलं लागतंय? मग गणोजीने एक सांबर गूळ चारून वाढवलं. खैऱ्याशी त्याची दोस्तीच जमली. शिंगं जितकी लांब, तितका भाव जास्त. खैऱ्याला तंबी दिली, "आता भुंकायचं नाही."

एका सकाळी दौलतशेठ बंदूक घेऊन बसले. धुक्यातून सांबर आलं, जणू वडाचं झाडच चालत यावं. खैऱ्याला राहवलं नाही. तो भुंकला.

"घसा का फोडतोस रे?" सांबर म्हणालं. "गूळ कुठाय?"

"पळ, येड्या. आज तुला मारणार आहेत."

"गणोजीबाबा? काहीतरीच तुझं."

आणि ते शेठजींचा तळहात हुंगू लागलं.

"मारा की शेठ," गणोजी कुजबुजला. "ते हलणार नाही."

शेठनी बंदूक उचलली, तसा खैऱ्याने दोस्ताला कडकडून चावा घेतला, तोही नेमका शेपटीखाली.

सांबर उडालं ते थेट शेठजींच्या डोक्यावरून. क्षणभर सगळं आभाळ त्या शिंगांत अडकलेलं दिसलं. मग ओढा ओलांडून ते दाट रानात शिरलं. बंदूक कधी खाली आली, शेठजींना कळलंच नाही.

"पैसे परत देतो, शेठ," गणोजी हात चोळत म्हणाला.

"राहू द्या," शेठ अजून वरच बघत होते. "त्या उडीचे धरा."